हनुवटीखालची पट्टी

मला राग लवकर येतो. वाळूजच्या कंपनीत मी तपासणी खात्यात आहे, बावीस वर्षं झाली, आणि तिथं हा राग कामाचाच भाग समजला जातो. मशीनवरून उतरलेला जॉब मापात बसला नाही की मी तो परत पाठवतो, आणि पाठवताना दोन शब्द ऐकवतो. ऑपरेटर वाद घालायला लागला की गेज त्याच्यापुढं धरतो. "माझ्याशी भांडू नको, ह्याच्याशी भांड," म्हणतो. लोखंडाच्या मापाशी कोण भांडणार? तो मान खाली घालून जातो आणि मी पुढचा जॉब उचलतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते ह्याच सवयीनं झालं.

आबा, म्हणजे माझे वडील, लकवा मारला तेव्हा गावी होते. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं आहे. आबांनी उभा जन्म मेंढरं राखली, अलीकडं गुडघे बोलायला लागल्यावर कळप विकला आणि थोड्या वावरात मका करत बसले. त्यांच्या गळ्याची पंचक्रोशीत चर्चा होती. ओढ्याच्या एका काठावरून त्यांनी हाक दिली की दुसऱ्या काठावरची मेंढरं चरायची थांबून माना वर करायची. मी शाळेतून येताना ती हाक ऐकून ओळखायचो की आज कळप कुठं आहे.

लकव्यानं उजवा हात आणि पाय धरला होता, तो दवाखान्यात थोडाथोडा सुटला. बोलणं जड झालं, पण लक्ष देऊन ऐकलं तर समजायचं. गेलं ते गिळणं. हे असंही जाऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. हात जातो, पाय जातो, वाचा जाते, हे ऐकलेलं होतं. पाण्याचा घोट वाट चुकून फुप्फुसात उतरतो आणि त्यानं माणूस जाऊ शकतो, हे मी पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि तोंडानं काहीही द्यायचं नाही असं बजावलं.

दवाखान्यातून आबांना शहरात माझ्या घरी आणलं, आणि मग सुरू झाले भेटायला येणारे. गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत माणूस मावेना. प्रत्येकजण शहाळं घेऊन यायचा आणि प्रत्येकाला ते आबांना आपल्या हातानं पाजायचं असायचं. नाही म्हटलं की तोंडं वाकडी. "म्हाताऱ्याला दोन घोट पाणीबी नाय का?" असं एका नात्यातल्या बाईनं माझ्या बायकोला विचारलं, जसं काही आम्हीच कोंडून उपाशी ठेवलंय. एक जण तर मी आत गेलेलो बघून हळूच तांब्या त्यांच्या तोंडाला लावत होता. मी त्याच्या हातातून तांब्या हिसकावला आणि त्याला दाराबाहेर काढला. तो अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. ह्या एका गोष्टीत मी बरोबर होतो म्हणून ती सांगितली. पुढं सांगण्यासारखं तसलं काही नाही.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. वयानं लहान, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं समोर मांडलं. "नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. व्यायामानं गिळणं सुधारलं तर मी कॅमेरा घालून तपासणी करायला सांगेन, आणि तपासणीत बरं दिसलं तर तोंडानं सुरू करू. महिनाभरात काहीच फरक दिसला नाही तर पोटाला छोटं छिद्र पाडून तिथून कायमची नळी बसवावी लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं."

मॅडमचं पोटाचं वाक्य पुरं व्हायच्या आत आबांनी डावा हात हलवायला सुरुवात केली. मॅडमना वाटलं त्यांना दुखतंय. मला माहीत होतं काय ते. मेंढीचं पोट फुगलं, जीव जायला लागला की आबा तिच्या डाव्या कुशीत सुरी खुपसून वारं काढायचे. दहातली एखादी जगायची. जगली तरी ती पुन्हा कळपात पूर्वीसारखी चरायची नाही. आबांनी जीभ लोटत लोटत शब्द बाहेर काढले, "पोटाला... भोक... नको." मी म्हणालो, "नाही पाडणार आबा. मी आहे ना." एवढं मोठं वचन मी किती सहज देऊन टाकलं.

मॅडम आठवड्यातले तीन दिवस सिल्लोडकडं जायच्या, त्यामुळं रोज घरी येणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनीच त्या पट्टीचं सुचवलं. दोन बोटं रुंद, चिकट, हनुवटीच्या खाली लावायची. गिळताना तिथले स्नायू जे आखडतात ते ती पट्टी ओळखते आणि मोबाइलवर रेघ वर चढते. जेवढ्या जोरात गिळाल तेवढी रेघ उंच. एका उंचीवर हिरवी खूण असते, तिथं रेघ पोचली की पडद्यावरचा पक्षी उडतो आणि आत बसलेली बाई इंग्रजीत शाबासकी देते. दिवसाचा सगळा हिशोब आपोआप मॅडमच्या फोनवर जातो. तोंडात काही घालायचं नाही, ओल्या बोळ्यानं जीभ भिजवायची आणि आपलीच लाळ जोर लावून गिळायची, दिवसातून तीस वेळा. मला हे फारच पटलं. आपल्या कामातलं होतं. माप होतं, खूण होती, बसलं की नाही ते समोर दिसत होतं.

पट्टी भाड्यानं देणारा पोरगेला सेल्समन घरी येऊन दाखवून गेला. शर्टाला इस्त्री, तोंडात एकच वाक्य, "टेन्शन मत लो सर." लावायच्या आधी ओल्या फडक्यानं कातडी पुसा म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात मधूनच एक पिवळा ठिपका लुकलुकत होता. मी विचारलं हे काय. "वो आता जाता रहता है सर, उसको छोडो," म्हणाला. जाताना एक जाडजूड पुस्तिका ठेवून गेला, सगळी इंग्रजीत. ती मी टीव्हीखाली सारून दिली. कंपनीत नवं मशीन आलं तर पुस्तिका वाचल्याशिवाय मी त्याला हात लावू देत नाही. घरी मात्र टीव्हीखाली.

पहिले तीन दिवस झकास गेले. मी पहिल्या पाळीवरून चारला घरी यायचो, हातपाय धुवायचो, आबांना उशा लावून बसवायचो आणि पट्टी चिकटवायचो. पहिल्या दिवशी पक्षी आठ वेळा उडाला, तिसऱ्या दिवशी पंधरा. आबांना त्या पक्ष्याची गंमत वाटायला लागली. तो उडाला की ते डोळ्यांनी त्याच्या मागं जायचे. मॅडमचा निरोप आला, फार छान, असंच चालू ठेवा.

चौथ्या दिवशी माय आली. शेळ्या आणि घर कुणाच्या तरी हवाली करेपर्यंत ती गावातच अडकली होती. आली ती एका पिशवीत लुगडी आणि दुसऱ्या पिशवीत करडीच्या तेलाचा डबा घेऊन. आल्याआल्या ती आबांचा उजवा हात तेल लावून चोळायला बसली. मॅडमनी तो खांदा ओढू नका म्हणून सांगितलेलं होतं. मी ओरडलो, "माय, हे गावठी धंदे इथं नकोत! तेलाला हात लावायचा नाय, सांगून ठेवतो." ती म्हणाली, "बरं." डबा उचलून आत ठेवून आली. बरं म्हणाली म्हणजे विषय संपला, असं मी धरून चाललो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रेघ झोपली.

आधी वाटलं दमले असतील. मग तिसऱ्या दिवशीही तेच. आबा गिळत होते असं दिसत होतं, निदान तोंड मिटत होतं, मान ताणली जात होती, पण पडद्यावर रेघ जमिनीला चिकटलेली. कधी जराशी थरथरायची आणि परत आडवी. पक्षी फांदीवर बसलेला. आतली बाई दर खेपेला तेच सांगायची, ट्राय अगेन, ट्राय अगेन. त्या बाईचा गळा मला दाबावासा वाटायचा.

कंपनीत एखादं मशीन चांगलं चालता चालता अचानक खराब माल काढायला लागलं, तर मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की काल आणि आज ह्यात बदललं काय. इथंही मी तो विचारला. उत्तर समोर होतं, माय आली. आणि त्यावरून मी काढलेला निष्कर्ष असा की माय आल्यापासून आबा लाडावलेत. ती पाय दाबते, घाम पुसते, गावच्या गोष्टी सांगते, मग म्हाताऱ्याला जोर लावायची गरज काय? बावीस वर्षांच्या अनुभवी माणसानं एवढी अक्कल चालवली.

मग मी आबांना बोलायला लागलो. आधी समजावून. मग आवाज चढवून. "मनावर घ्या आबा. पोटाला भोक पाडून घ्यायचंय का?" ते जोर लावायचे, गळ्याच्या शिरा तट्ट दिसायच्या, कपाळावर घाम यायचा, आणि रेघ आडवी. "खोटं करू नका. दिसतंय मला सगळं." मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचो, अगदी गेज धरतो तसा. त्यांनी एकदा डाव्या हातानं तो बाजूला सारला. मी परत धरला. पुढं पुढं ते डोळेच मिटून घ्यायला लागले. त्याचाही मला राग आला, हे लिहिताना लाज वाटते.

माय एक दोनदा मध्ये पडली. "गिळू लागलेत की रे ते," ती त्यांच्या कंठाला बोट लावून म्हणाली. "माझ्या बोटाला कळतंय."

"तुझ्या बोटाला काय कळतंय माय? ह्याला कळतं." मी पुन्हा मोबाइल दाखवला. "हे काय खोटं बोलंल का?"

तिनं काही त्या मोबाइलशी भांडण मांडलं नाही.

एका संध्याकाळी माय खालच्या मारुतीला गेलेली होती. बायको ओट्याशी होती. तीसच्या तीस वेळा रेघ आडवी गेली होती, आणि त्यात दुपारी कंपनीत साहेबाशी माझं वाजलेलं होतं. मी पट्टी काढता काढता म्हणालो, "आयतं मिळतंय नळीनं, चावायचं नाय, गिळायचं नाय. बरं चाललंय तुमचं." आबांनी डोळे उघडले. बायकोनं हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवलं. मी कपडे बदलायला आत गेलो.

ज्या माणसानं पावसापाण्यात, भाकरी कमरेला बांधून, दिवसाला वीस वीस मैल मेंढरांमागं पायपीट केली आणि ज्याच्या त्या पायपिटीवर मी शिकलो, त्याला मी आयतं खाणारा म्हणालो. आणि वर मला वाटत होतं की मी त्याच्या भल्यासाठी बोलतोय.

तीन आठवडे असे गेले. मॅडमचा फोन आला. त्यांना वाईट वाटतंय हे आवाजात कळत होतं, पण शब्द नेमके होते. "सुरुवातीचे दिवस चांगले होते, नंतर प्रतिसाद जवळपास नाहीच. असं होतं कधीकधी. आता वाट बघण्यात अर्थ नाही, वजनही उतरतंय. मी डॉक्टरांशी बोलले, गुरुवारी सकाळी पोटाची नळी बसवून घेऊ." मी बरं म्हणालो. मापात न बसलेल्या जॉबची चिठ्ठी फाडतात तसं ते बरं होतं. आबांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. वचनाची आठवण त्यांनी करून दिली नाही.

बुधवारी मी चारला घरी आलो. खरं म्हणजे त्या दिवशी पट्टी लावायची गरजच नव्हती. पण दिवसाच्या तीस खेपा पुऱ्या करायच्या म्हणून मी लावली. शिस्त! दहाव्या खेपेला कंटाळून मी ती काढायला गेलो आणि ती अलगद हातात आली. एरवी ती ओढताना कातडी ताणली जायची, दाढीचे खुंट उपटले जायचे, आबा तोंड वाकडं करायचे. ते इतके दिवस तोंड वाकडं करत नव्हते हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी पट्टीच्या चिकट बाजूवर अंगठा फिरवला आणि अंगठा तर्जनीवर घासला. हे मी दिवसातून शंभर वेळा करतो. मशीनवरून आलेल्या जॉबला तेल आहे का, ते असंच बघायचं असतं. तेल असलं की माप चुकतं, म्हणून आधी पुसायचं आणि मगच गेज लावायचं. आमच्याकडं नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि शिकवतो मीच.

बोटं घसरली. नाकाशी नेली. करडीचं तेल.

"माय!" मी असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. "गळ्याला तेल लावलंस तू?"

माय कांदा चिरत होती, ती हात पुसत बाहेर आली. घाबरली होती, पण खोटं बोलली नाही. "व्हय."

"कधीपासून?"

"आले तवापासून. रोज लावते. तू यायच्या आदी, तीनला."

"मी नको म्हणालो होतो ना? मग कामून लावलंस?"

"तू हाताला नको म्हणला व्हतास," माय म्हणाली. "आन् तू वरडतोस म्हणून सांगितलं नाय. पदरानं पुसून ठिवायचे." ती आबांच्या शेजारी बसली. "कोकरू अशक्त जल्मलं, दूध गिळंना झालं, की जबड्याखाली कोमट तेल लावून असं वरून खाली बोट फिरवायचं. मग गिळतं ते. कैक कोकरं जगवलीत म्या आशी. तुझ्या मशीनीच्या आदी गळा मोकळा करून ठिवावा म्हणलं. पास व्हावेत म्हणलं ते."

पास व्हावेत म्हणून. मी लावायच्या तासभर आधी ती त्यांचा गळा त्या पट्टीसाठी तयार करून ठेवत होती, आणि तीच पट्टी त्या तेलावर घसरत होती, आणि मी आल्यावर ओल्या फडक्यानं ते तेल आणखी पसरवत होतो. पाण्यानं तेल निघत नाही, हे कुणाला माहीत नाही?

मी कपाटातून स्पिरिट काढलं. आबांची हनुवटी, जबड्याखालचा भाग, कानापर्यंत, कापसावर कापूस घेऊन पुसला. कापसाचे बोळे पिवळे झाले. कातडी वाळेपर्यंत थांबलो. नव्या पट्टीचं पाकीट फोडलं आणि ती दाबून बसवली. कोपऱ्यातला पिवळा ठिपका गेला. तीन आठवडे तो एकदाही गेला नव्हता, आणि मी त्याला सोडून दिलेलं होतं.

"आबा, एकदाच," मी म्हणालो. "मेहरबानी करा, एकदाच गिळा."

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं आता ते करणार नाहीत, आणि त्यांनी का करावं? मायनं आपली दोन बोटं त्यांच्या कंठाशी, पट्टीच्या खाली टेकवली. "गिळा बरं," म्हणाली. त्यांनी गिळलं.

रेघ हिरव्या खुणेच्या वर गेली. नुसती वर नाही, पडद्याच्या कडेला जाऊन धडकली. पक्षी उडाला. पुन्हा, तसंच. पुन्हा. तीन आठवडे रोज तीस तीस वेळा जोर लावून लावून त्यांनी गळा किती तयार केला होता ते त्या रेघेनं दाखवलं. मी बघत राहिलो. माय पडद्याकडं बघतही नव्हती. तिला बोटाखाली जे कळत होतं ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

"मी सांगू लागले व्हते," ती एवढंच म्हणाली.

मी सेल्समनला फोन लावला. तो म्हणाला, "सर, यलो डॉट मतलब स्किन से पकड नहीं है. बुकलेट में लिखा है ना सर." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. फोन ठेवल्यावर मी टीव्हीखालून पुस्तिका काढली. चौथ्या पानावर होतं. चित्रासकट. स्पिरिटनं पुसायचं चित्र आणि तेलाच्या बाटलीवर फुली. इंग्रजी वाचता येत नसलेल्या माणसालाही कळलं असतं. मायला कळलं असतं.

मॅडम त्याच संध्याकाळी आल्या. आधी त्यांनी पट्टीकडं बघितलंच नाही. आबांच्या समोर खुर्ची ओढली, चार बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली, हनुवटीपासून कंठापर्यंत, माय ठेवायची तिथंच, आणि म्हणाल्या, "गिळा आजोबा." मग माझ्याकडं वळून, "अहो, चांगलं गिळतायत की."

"मग तुम्ही हे आधी का नाही केलं?" मी त्यांच्यावरही ओरडलो. "तीन आठवडे फोनवर रेघा बघत बसलात!"

त्या लाल झाल्या. "यायला हवं होतं मी. चुकलंच माझं," म्हणाल्या. मला त्यांचा राग आला तो त्यांनी इतक्या लवकर कबूल केलं म्हणून. मी अजून कुणाकडं काही कबूल केलेलं नव्हतं.

गुरुवारी पोटाचं काही झालं नाही. त्याच वेळेला कॅमेऱ्याची तपासणी झाली. पातळ पाणी अजून थोडं वाट चुकत होतं, घट्ट मात्र नीट खाली उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, घट्ट आंबील सुरू करा, बसवून, हनुवटी छातीकडं झुकवून, एकेक चमचा. आठवडाभर निभावलं की नाकातली नळी काढून टाकू. पोटाच्या नळीची गरज दिसत नाही. आबांनी ते ऐकलं आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात डावा हात पोटावर ठेवून बसले.

शुक्रवारी मी रजा टाकली. मायनं ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील केली, चमचा उभा राहील इतकी घट्ट. लकवा मारल्यापासून आबांच्या तोंडात चव म्हणून काही गेलेलं नव्हतं. आंबिलीचा वास खोलीत पसरला तशी त्यांनी मान आपणहून वर केली. मी गळा स्पिरिटनं पुसला, पट्टी लावली, मोबाइल उभा केला, त्यांच्या मांडीवर फडकं अंथरलं. वाटी घेतली, चमचा भरला, फुंकर घातली आणि तोंडापाशी नेला.

"घ्या आबा."

त्यांनी तोंड उघडलं नाही.

"आता काय झालं?" माझ्या तोंडून निघालंच, त्याच आवाजात.

त्यांनी चमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ हलले. जीभ जड होती, पण शब्द अगदी स्वच्छ आले. "आयतं... नको."

मायला काही कळलं नाही, ती त्या संध्याकाळी मारुतीला गेलेली होती. बायकोला कळलं. ती उठून ओट्याकडं गेली आणि पाठ करून उभी राहिली.

आबांनी उजवा हात पुढं केला, तोच अर्धा परत आलेला. माझ्या हातातला चमचा बोटं एकेक करून त्याच्याभोवती वळवत घेतला. वाटीत बुडवला. वर येता येता तो हलला आणि अर्धी आंबील धोतरावर सांडली. मी आधार द्यायला हात पुढं केला, त्यांनी डावा पंजा आडवा धरला. दुसऱ्या खेपेला चमचा हनुवटीला लागला. तिसऱ्या खेपेला तोंडात गेला. त्यांनी हनुवटी छातीकडं नेली. मायनं दोन बोटं कंठाला लावली.

"गेलं," माय म्हणाली.

मोबाइलमधली बाई शाबासकी द्यायला लागली तसा मी तो पालथा घातला.

अकरा चमचे खायला त्यांना पाऊण तास लागला. मी समोर बसून होतो. माफी मागायची होती, ती अजून मागितलेली नाही, रोज चारला घरी येताना ठरवतो आणि दारात चपला काढताना राहून जाते. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही चमच्याला हात लावू दिला नाही. सांडलेलं पुसायला मात्र त्यांनी मला अडवलं नाही.